बाळंतिणीला हे नको

"परत शेपू," डावीकडून कुरकुर आली. "काल शेपू, परवा शेपू. किती शेपू सोसायचा माणसानं?"

शरयूच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी माझ्या डाव्या बाजूच्या दुधाला वाचा फुटली. उजवीकडचं अबोल होतं, ते खाली मान घालून आपलं काम करायचं. डावं मात्र मेसवर जेवणाऱ्या कारकुनासारखं होतं. आवाज खालचा, तक्रार रोजची आणि कामात कसूर नाही. शरयू प्यायला लागली की ते गप्प बसायचं. तिच्यासमोर त्यानं कधी वेडंवाकडं तोंड केलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मूल होणार नाही हे आम्ही दोघांनी केव्हाच घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. त्यामुळे दूध बोलतं याचं मला विशेष वाटलं नाही. दूध आलं याचंच इतकं वाटत होतं की बोलण्यापर्यंत पोचायला सवड नव्हती.

"शेपूनं दूध वाढतं," मी त्याला सांगितलं.

"वाढलंय की मी. आता जरा चवीचंही बघा. मसाल्याचं वांगं होत नाही का तुमच्यात?"

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हाव त्याची की माझी हे त्या दिवसापासून मला वेगळं काढता आलं नाही.

माझ्या बाळंतपणाला आक्का आल्या होत्या. आक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, इंदुमती. वय सहासष्ट. माझी आई लवकर गेली, सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली. मला विचारायला कुणी नव्हतं. आक्कांनी इचलकरंजीच्या घराला कुलूप लावलं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधले आणि जयसिंगपुरात आमच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चहा नंतर. आधी पाठ दाखव." त्या रोज मला आणि शरयूला तेल लावायच्या, शेक द्यायच्या, ओव्याची धुरी द्यायच्या. लाडवांसाठी डिंक तळताना त्यांच्या मनगटावर तूप उडालं तर त्या फुंकरसुद्धा मारायच्या नाहीत. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्यावं. मी त्यांचे उपकार मानते.

"हे सगळं आईच्या पद्धतीनं हं," त्या म्हणायच्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा फोटो बाहेरच्या खोलीत होता आणि आक्का मेथी निवडतानाही त्याच्याकडे तोंड करून बसायच्या.

सहाव्या दिवशी समोरच्या वैजूकाकू बाळंतविडा घेऊन आल्या. झबलं, टोपडं, खारीक, खोबरं, डिंक, सगळं नीट ताटात मांडून, वर क्रोशाचा रुमाल टाकून. मला भरून आलं. काकूंनी शरयूच्या तळव्याला बोट लावलं आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, "वांगं देऊ नका हं बाळंतिणीला. लेकराच्या अंगावर उठतं."

टोपलीत चार वांगी होती. ती एकामागून एक खाली उतरली, रांगेनं बाहेरची खोली ओलांडून काकूंच्या पर्समध्ये गेली. काकूंनी चेन लावली.

"बरं झालं सांगितलंत," आक्का म्हणाल्या.

काकू गेल्यावर मी आत जाऊन पाहिलं. टोपली वांग्यांच्या मापानं आखडली होती.

मग रोज कुणी ना कुणी येत राहिलं. प्रत्येकीच्या हातात ताट, प्रत्येकीच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरी माया. जाताना प्रत्येकीनं एकेक गोष्ट नेली. दही गेलं, काकडी गेली, केळी गेली. बटाटे वातूळ म्हणून आणि हरभऱ्याची डाळ त्याहून वातूळ म्हणून. लिंबाच्या लोणच्याची बरणी यांच्या ऑफिसातल्या एका बाईंनी लेकरासारखी कडेवर घेऊन नेली. दुसरी म्हणाली, "थंड काहीच नको हं." तेव्हा फ्रिज निघाला. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जिन्यात वळायला अडचण होऊ नये म्हणून यांनी त्याला दोन्ही दारं उघडून दिली.

दर खेपेला स्वयंपाकघर उरलेल्या वस्तूंच्या मापाचं होत गेलं. कप्पा रिकामा झाला की मिटायचा. कप्पे मिटले की मागची भिंत एक पाऊल पुढे यायची. तिसऱ्या आठवड्यात आक्का तिथे पाटावर बसल्या की त्यांचे गुडघे बाहेरच्या खोलीत यायचे.

"अडचण होत नाही का आक्का?" मी विचारलं.

"बाळंतिणीच्या स्वयंपाकाला जागा लागते कितीशी," त्या म्हणाल्या.

यांनी एक प्रयत्न केला. मंडईतून अर्धा किलो वांगी आणली, हिरवी, काटेरी, देठाला चिकटलेल्या मातीसकट. खिडकीतून दाखवली मला. उंबरा ओलांडून पिशवी उलटी केली तर आतून बाळंतशोपा पडल्या, अर्धा किलो. हे बराच वेळ पिशवीच्या आत हात घालून बघत होते. मग म्हणाले, "वजनाला बरोबर आहे."

हसू आलं मला. डावीकडचंही हसलं, पण हळू.

तेव्हा मला सगळ्यात जास्त हाव होती ती भडंगाची. आमच्या कोपऱ्यावर दुपारी चारला कढई चढते. लसूण तेलात पडला की वास गल्लीभर होतो आणि आमच्या खिडकीतून थेट खाटेपर्यंत येतो. मी शरयूला पाजत खिडकीकडे तोंड करून बसायचे. वासाला कुणाची ना नव्हती. डावीकडचं म्हणायचं, "हं, आता शेंगदाणे पडले. आता कढीपत्ता." आम्ही दोघं मिळून ते ऐकायचो म्हणा, खायचो म्हणा.

त्याच सुमाराला शरयूच्या तपासणीला गेलो. डॉक्टर मॅडमनी तिला काट्यावर ठेवलं आणि आकडा दोनदा वाचला. जन्मताना दोन किलो आठशे होती. महिना होत आला तरी तीन किलो भरली नव्हती.

"तुम्ही खाता काय?" मॅडमनी मला विचारलं.

मी सांगितलं. शेपू, मऊ भात, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, शेपू.

"आणि?"

"आणि शोपा," आक्का म्हणाल्या.

मॅडम चष्मा काढून माझ्याकडे वळल्या. "हे बघा. लाडू, अळीव चांगलेच आहेत, पण त्यावर भागत नाही. नेहमीचं सगळं जेवायचं. भाकरी, डाळ, भाजी, दही, फळ, अंडं चालत असेल तर अंडं. पाजणाऱ्या बाईला भूक लागते, लागायलाच पाहिजे. दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे. पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. तहान मारू नका."

"मॅडम, भडंग?" मी विचारलं. विचारताना मला लाज वाटली.

"खायची फार इच्छा होते?"

"दोघांना होते."

त्यांनी दोघं कोण ते विचारलं नाही. "मग खा की. आधी जेवा, पोटभर. मग मूठभर भडंग घ्या, चवीचवीनं खा. भडंगावर जेवण काढायचं नाही, एवढंच. आणि खाल्ल्यावर बाळाला खरंच काही झालं तर ते बघू, आधीच सगळं बंद करू नका." मग त्या आक्कांना म्हणाल्या, "आठ दिवसांनी परत आणा. वजन वाढलं नाही तर ॲडमिट करावं लागेल."

आक्का हो म्हणाल्या. त्यांचा रंग गेला होता. मॅडमनी सगळं कागदावर लिहून दिलं. तो मी मुठीत धरून आणला, पण आमच्या जिन्यात अक्षरं सुटून पायऱ्यांवर पडली, भाकरी, डाळ, दही, अंडं, तांब्या. घरात पोचला तेव्हा कागद कोरा होता. दुसऱ्या दिवशी वैजूकाकूंनी जिना झाडला. त्या अशाच, कुणी न सांगता झाडतात.

आक्कांबद्दल एक गोष्ट इथे सांगते. त्यांना एक मुलगी झाली होती, याच घरी, बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या तेव्हा. ती तेवीस दिवस जगली. आज असती तर माझ्याच वयाची असती. आमच्या घरात तिच्याबद्दल दोनच शब्द आहेत, "दूध आटलं". सगळे ते सारख्याच आवाजात म्हणतात आणि म्हटल्यावर पाण्याचं भांडं तोंडाला लावतात. आक्का स्वतः कधी म्हणत नाहीत. कुणी म्हटलं तर फोटोकडे बघतात, पोरीनं परवानगी मागावी तसं.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा भाजी खाली लागू दिली. शेपूच होता. आम्ही तोच खाल्ला.

दोन दिवसांनी शकूमावशी आल्या. त्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण, एक्याऐंशी वर्षांच्या, पाठीत वाकलेल्या, पण जिना कुणाचा हात न धरता चढतात. त्यांनी शरयूसाठी आपल्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवून आणली होती. इतकं मऊ कापड मी आजवर हातात घेतलेलं नाही. शरयूला त्यावर ठेवताच ती झोपली.

"भडंगाचा वास येतोय," मावशी म्हणाल्या. "वाससुद्धा नको हं हिला. घसा धरतो लेकराचा."

खिडकी चौकटीतून सुटली. चारदा दुमडून मावशींच्या पिशवीत गेली. तिच्या जागी भिंत आली, रंगासकट.

"आणि पाणी किती पितेस गं?"

"तहान लागेल तेवढं," मी म्हटलं. हे खोटं होतं. मला त्याच्या दुप्पट हवं असायचं.

"अगं पोट सुटतं त्यानं. तुझ्या सासूनं इंदूला दिवसाला एक भांडं दिलं होतं, तेही निम्मं आटवून. शिस्त होती बाई तिची. पाणी नको हं बाळंतिणीला."

माठ घडवंचीवरून खाली उतरला आणि मावशींच्या मागे चालू लागला. नळ आत ओढला गेला, गोगलगाय शिंग ओढते तसा. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. एक भांडं, असं त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटलेलं मी पाहिलं. पण मावशींच्या पाया पडून त्यांनी त्यांना चपला दिल्या.

त्या दिवसापासून डावीकडचा आवाज बसत गेला. ऐकायला मला हनुवटी छातीला टेकवावी लागायची.

"आज काय आहे?" ते विचारायचं.

"शेपू."

"बरं."

मी थांबायचे. त्यापुढे काही यायचं नाही. मग एके सकाळी मी शेपू म्हटल्यावर ते म्हणालं, "चालेल. काहीही चालेल. तुम्हाला त्रास नको."

मी यांना हाक मारली. "ऐका ना. ते आता तक्रार करत नाहीये."

हे शेजारी बसले. माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिले. शरयू ओढत होती, सोडत होती, परत ओढत होती. तिचं ओढणं इतकं मन लावून होतं की मला तिचा मान राखावासा वाटला, मोठ्या माणसाचा राखतो तसा. इतक्या उशिरा आली, आणि आल्यापासून एकदाही तिनं मला नावं ठेवली नाहीत.

मॅडमनी दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी सव्वा महिना झाला. ओटी भरायला दुपारी सगळ्या एकदम आल्या. वैजूकाकू, ऑफिसातल्या बाई, फ्रिजवाल्या, शकूमावशी आणि आणखी तिघी-चौघी, ज्यांनी किरकोळ काही नेलं होतं. भिंतीला पाठ लावून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. स्वयंपाकघर आता कपाटाएवढं उरलं होतं. आत आक्का आडव्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पोटाशी अळिवाचा डबा. घरात तेवढंच होतं.

शरयूनं माझ्याकडून तोंड फिरवलं आणि रडायला लागली. रडण्यात आवाज कमी होता.

मी डावीकडे कान लावला. काही नव्हतं.

तेव्हा मी ते बोलले. मोठ्यानं नाही, पाहुण्यांना बसा म्हणावं तसं. म्हटलं, "मला भूक लागली आहे."

वैजूकाकूंनी पदर सारखा केला. ऑफिसातल्या बाई पंख्याकडे बघू लागल्या. कुणीतरी शरयूसाठी खुळखुळा वाजवला.

"असं बोलू नये गं," शकूमावशी मायेनं म्हणाल्या. "सव्वा महिन्याच्या बाईनं भूक भूक करू नये. बाळंतिणीला भूक नको हं."

आणि माझी भूक उठली.

ती माझ्याच उंचीची होती. माझाच गाऊन, तेलानं चपटे झालेले केस, डोळ्यांखाली काळं. उठताना तिनं गुडघ्याला हात लावला. कुणाकडे न बघता ती मावशींच्या पिशवीच्या दिशेनं चालू लागली, सांगितलेलं ऐकणाऱ्या सुनेसारखी. माझ्या पोटात एकदम निवांत वाटायला लागलं. आता काही नको, असं वाटलं. शेपू नको, पाणी नको. शरयूचं रडणं मला शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू यायला लागलं, आणि ते बरं वाटलं. एवढ्या एकाच गोष्टीची मला आजही भीती वाटते.

मावशींनी पिशवीचं तोंड उघडलं होतं. भूक स्वयंपाकघराच्या फटीसमोरून गेली.

आतून आक्कांचा हात बाहेर आला. त्या हातानं भुकेचं मनगट धरलं.

"इंदू, सोड," मावशी म्हणाल्या.

"कुठं नेता हिला?"

"अगं, तिचं दूध आटलंय. असतं एकेकीचं नशीब. वरचं दूध देतील लेकराला, आता काय तुझ्या वेळेसारखं नाही. तुझंही आटलंच होतं की."

सगळ्यांनी सवयीनं पाण्याच्या भांड्यासाठी हात पुढे केले. घरात पाणी नव्हतं. हात तसेच राहिले.

आक्का फटीतून बाहेर यायला लागल्या. आधी खांदा, मग डोकं, मग दुसरा खांदा. अळिवाचा डबा सुटून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. भुकेचं मनगटही सोडलं नाही. मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांची पाठ सासूबाईंच्या फोटोकडे होती.

"माझं दूध आटलं नव्हतं, मावशी," त्या म्हणाल्या. "आईनं मला जेवायला दिलं नव्हतं."

आक्कांच्या पोलक्यावर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे ओले डाग उमटले होते. ते पसरत होते. शरयूनं रडणं थांबवून तिकडे मान वळवली.